पुढची संख्या कोणती?

पुढे या सगळे, मागून फळा नीट दिसणार नाही. हे लिहितो बघा, 1, 2, 4, 8, 16 आणि पुढे प्रश्नचिन्ह. काय येईल? हां, सगळे 32 म्हणालात. बरोबर आहे, दर वेळी दुप्पट, स्कॉलरशिपच्या पेपरात हेच उत्तर धरतात.

पण मागे माझ्याकडे पाचवीतल्या एका मुलीने इथे 31 लिहिलं होतं आणि मी तिला काही न विचारता फुली मारली, ते मला अजून लागतं. कारण नंतर वहीच्या मागच्या पानावर बघितलं तर तिने फरक काढले होते, शेजारशेजारच्या संख्यांची वजाबाकी, 1, 2, 4, 8, मग त्यांचे परत फरक 1, 2, 4, मग 1, 2, आणि शेवटी एकटा 1 उरला. तिने धरलं की हा खालचा 1 कायम राहणार, मग त्याच्या वरच्या ओळीत 2 नंतर 3 आला, त्याच्या वर 7, त्याच्या वर 15, आणि 16 मध्ये 15 मिळवले की झाले 31. आता सांगा, यात चूक काय? 2, 6, 12, 20 दिलं की आपणच शिकवतो ना, फरक बघ, 4, 6, 8, म्हणजे पुढे 10, उत्तर 30. तिने तेच केलं, फक्त आणखी खोल गेली.

आणि हा 31 नुसता वहीतला नाहीये. एक वर्तुळ काढा, त्याच्यावर बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदू बाकी सगळ्यांना रेघेने जोडा, मग आत किती तुकडे पडले ते मोजा. एक बिंदू असेल तर 1, दोनाला 2, तिनाला 4, चाराला 8, पाचाला 16, इथपर्यंत वाटतं की अरे दुप्पटच होतंय, आणि सहाव्या बिंदूला जास्तीत जास्त 31 तुकडे पडतात, 32 काही केल्या पडत नाहीत. फक्त बिंदू सारख्या अंतरावर घेऊ नका, तसं केलं तर मधल्या तीन रेघा केंद्रात एकाच जागी छेदतात, मधला छोटा त्रिकोण नाहीसा होतो आणि 30च भरतात. घरी गेल्यावर पेन्सिलने करून बघाच.

अजून एक उत्तर आहे, 23. हे आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं. तिथे द. रा. कापरेकर सर (1905–1986) शाळेत शिकवायचे, 6174 या संख्येची गंमत शोधून काढणारे, ते तुम्हाला माहीतच असतील. त्यांची एक साधी रीत होती, संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. 1 मध्ये 1 म्हणजे 2, 2 मध्ये 2 म्हणजे 4, मग 8, मग 16, आणि 16 मध्ये 1 अधिक 6 म्हणजे 7, झाले 23. पुढे 28, 38, 49, 62, 70. सुरुवातीच्या पाच संख्या अगदी त्याच!

म्हणून शिक्षक मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे की अशा प्रश्नाखाली 'नियम लिहा' म्हणून एक ओळ ठेवा आणि मार्क त्या ओळीला पण द्या, कारण पाच संख्यांवरून नियम एकच निघेल असं नसतं, मुलाने कुठला धरला ते त्याला विचारल्याशिवाय कळत नाही.

आता कापरेकर सरांचीच एक गंमत सांगतो. काही संख्या अशा असतात की त्या या बेरजेतून कधी तयारच होत नाहीत, 1, 3, 5, 7, 9, मग 20, 31, 42, यांना सरांनी देवळाली संख्या म्हटलं. 31 करून बघा, 24 मध्ये 6 मिळवले तर 30 आणि 25 मध्ये 7 मिळवले तर एकदम 32, 23 ने 28 आणि 26 ने 34, 31 काही सापडत नाही. म्हणजे त्या मुलीचा 31 सरांच्या कुठल्याच मालिकेत मधे येऊ शकत नाही, तिथून सुरुवात केली तरच.