पाणी कुठून येतं हो तुमच्याकडं?

नमस्कार श्रोतेहो.

आमची आठ जणींची भिशी आहे, कोथरूडला, एकाच सोसायटीतली. गेली काही वर्षं दर महिन्याला आम्ही भिशीच्या हप्त्यावर थोडे जास्तीचे पैसे काढतो आणि वर्षातून एकदा दोन रात्री कुठंतरी जाऊन येतो. खोल्या शोधायचं काम माझ्याकडं. निसर्गाला आणि खिशालाही जड न जाणारा मुक्काम कसा शोधायचा, तेच आज सांगते. मी बँकेत तीस वर्षं काढली, त्यामुळं मला हिशेब कळतो असा सगळ्यांचा समज आहे.

तीन वर्षांपूर्वी हा समज पार धुळीला मिळाला. पुण्याजवळच्या एका धरणाच्या काठावर मी एक 'इको रिसॉर्ट' शोधून काढलं. फोटोत बांबूचं फाटक, मातीच्या रंगाच्या भिंती, दारात कंदील. माणशी साडेतीन हजार. म्हटलं, जरा महाग आहे, पण निसर्गासाठी चार पैसे जास्त गेले तर जाऊ देत. पोचलो. बांबू खरा होता, पण फाटकापुरताच. आमच्यातली एक जण हौसेनं चपला काढून हिरवळीवर गेली आणि तशीच मागं फिरली. म्हणाली, "अगं, हे तर पायपुसणं आहे!" हिरवळ प्लास्टिकची. न्हाणीघरात बोटाएवढ्या शाम्पूच्या बाटल्या, पलंगाशेजारी पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या, आणि टॉवेलवर एक छापील कार्ड: पृथ्वी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा.

सकाळी सहाला घरघर ऐकून मी गॅलरीत आले. खाली पाण्याचा टँकर. त्याचा जाड पाइप पोहण्याच्या तलावात सोडलेला, आणि टँकरच्या गळक्या तोटीखाली गावातल्या दोन बायका हंडे लावून उभ्या. समोर अख्खं धरण भरलेलं.

बँकेतली खोड, मी तिथंच हिशेब मांडला. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर खोल असा साधा तलाव धरला तरी त्यात साठ हजार लिटर पाणी मावतं. म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर. आम्ही आठ जणी साड्या सावरत काठावर बसून पाय बुडवणार, त्यासाठी!

तेव्हापासून मी कुठंही फोन केला की भाडं नंतर विचारते. आधी विचारते, "पाणी कुठून येतं हो तुमच्याकडं?"

या एका प्रश्नाला माणूस काय उत्तर देतो, त्यावरून पुष्कळ कळतं. "मॅडम, चोवीस तास पाणी आहे, काळजीच करू नका," असं कुणी घाईघाईनं म्हणालं की मी समजते, टँकर. "बोअरचं आहे, पण उन्हाळ्यात दोन तासच मोटर चालवतो," असं कुणी म्हणालं तर तो माणूस खरं बोलतोय. मग पुढचा प्रश्न: अंघोळीचं पाणी कशावर तापतं? गच्चीवर सोलर असेल तर मालक ते अभिमानानं सांगतो, कारण वीजबिल त्याचंच वाचतं. तिसरा प्रश्न मी मुद्दाम साळसूदपणे विचारते, "आणि हे सगळं सांडपाणी जातं कुठं?" इथं बरेच जण फोन मॅनेजरकडं देतात.

वेळासचा फोन मात्र कुणी कुणाकडं दिला नाही. वेळास रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. नाना फडणवीसांचं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ साली तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. अंडी उबून पिल्लं बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येऊ लागले, आणि गावानं त्यांच्यासाठी हॉटेलं बांधण्याऐवजी आपली राहती घरं उघडली. आजही तिथं पडवीत किंवा माजघरात गाद्या घालतात. जेवण घरचं.

आम्ही ज्यांच्याकडं उतरलो त्या काकूंनी फोनवरच सांगून टाकलं, "पाणी विहिरीचं. बंब आहे, पेटवून देईन. संडास-न्हाणी घरामागं, दोनच आहेत. तुम्ही आठ जणी, तेव्हा नंबर लावावा लागेल हो!" दोन वेळचं जेवण, चहा, नाश्ता धरून माणशी नऊशे रुपये. बंबात नारळाची सोडणं जळत होती. धूर होतो, तेव्हा त्याचं उगाच कौतुक करत नाही. पण मोरीचं पाणी पन्हळीतून थेट अळूच्या वाफ्यात जात होतं आणि त्याच अळूचं फदफदं दुपारी पानात होतं. सांडपाणी कुठं जातं, हे विचारायची वेळच आली नाही. रात्री किनाऱ्याकडं जाताना काकूंनी आमच्या हातातल्या बॅटऱ्या काढून घेतल्या. कासवाला उजेड चालत नाही म्हणून.

आता पैशांचं बोलू. ज्या गोष्टींनी खोलीचं भाडं वाढतं, बहुतेक त्याच गोष्टी पाणी आणि वीज खातात. दीड टनाचा एसी रात्रभर चालला की दहाएक युनिट सहज जळतात. आमच्या घरी आम्ही दोघं, महिन्याला शंभर युनिट. म्हणजे एसीच्या एका रात्रीत आमच्या घरचे तीन दिवस. शॉवरखाली पाच मिनिटं उभं राहिलं की दोन-तीन बादल्या होतात. म्हणून "साधी खोली, पंखा, बादली" एवढं मागितलं की भाडं आपोआप उतरतं. फक्त दारं-खिडक्या समोरासमोर आहेत का ते विचारून घ्या, नाहीतर एप्रिलमध्ये मला शिव्या घालाल.

दुसरं म्हणजे, बुकिंगच्या ॲपवर जागा शोधा, नकाशावर बघा, पण ठरवताना थेट मालकाला फोन करा. ॲपवाल्यांचं कमिशन त्यातून वाचतं आणि घासाघीस करता येते. शनिवार-रविवार टाळून मंगळवारी गेलात तर भाव आणखी खाली. आणि पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर जीएसटी पाच टक्के झालाय, आधी तो बारा होता. जुन्या दरानं कुणी लावला तर नम्रपणे दाखवून द्या.

'इको' या शब्दाचंही सांगते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये नियमावली काढली आहे. 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली' असं नुसतं मोघम लिहून चालत नाही, त्यामागं पुरावा हवा. तेव्हा "इको म्हणजे नेमकं काय?" असं विचारायला संकोच करू नका. अगदीच फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५. माझ्या वेळी ही नियमावली नव्हती. मी टॉवेलवरच्या त्या कार्डावर "आणि टँकर?" एवढंच लिहून आले.

वेळास सगळ्यांना जमेल असं नाही. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलंय, म्हणून पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी झालेली शेतावरची घरं शोधा. मालक खरंच शेती करतो का ते बघा. "सध्या शेतात काय आहे?" या प्रश्नाला ज्याला उत्तर सुचत नाही, त्याच्याकडं फक्त लॉन आहे. एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, कार्ला, पानशेतची निवासस्थानं पुण्याहून जवळ आहेत, तीही बघायला हरकत नाही. माथेरान मला विशेष आवडतं. कर्जतला उतरून लोकलनं नेरळ, आणि गावाच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यापुढं पर्यटकांच्या मोटारी बंद. गाडीच नाही, म्हणजे पेट्रोल नाही, पार्किंग नाही, ड्रायव्हरच्या जेवणाची चिंता नाही.

आणि खरं सांगायचं तर, हॉटेल कितीही हिरवं असलं तरी आठ जणी तीन गाड्यांतून गेलो तर सगळं पाण्यात. आम्ही एसटीनं जातो. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर प्रवास मोफत. आमच्यातल्या एकीची पंचाहत्तरी गेल्या वर्षी झाली. वाढदिवसाच्या केकपेक्षा तिला त्या शून्य रुपयांच्या तिकिटाचं अप्रूप. पर्समध्ये जपून ठेवलंय.

यंदा नातवंडांना घेऊन मे महिन्यात वेळासला जावं असं ठरत होतं. मी काकूंना फोन लावला. या वेळी पाण्याचं विचारायला मीच विसरले. त्याच म्हणाल्या, "मेमध्ये नका येऊ हो. विहिरीत कळशी बुडत नाही तेव्हा. पोरंटोरं घेऊन याल आणि मला हात आखडता घ्यावा लागेल. पुढच्या फेब्रुवारीच्या शेवटी या, कासवंही असतील."

भिशीत मी हे सांगितलं. फेब्रुवारी म्हणजे नातवंडांच्या शाळा, ती येणार नाहीत, म्हणून दोघी जरा हिरमुसल्या. बाकीच्या पाच जणी काही बोलल्या नाहीत, पण बॅगा भरायला त्या आताच तयार आहेत असं मला दिसलं. तारीख ठरली. एसटीचं आरक्षण उघडलं की मी स्वारगेटला जाऊन येईन.

नमस्कार.