उद्या वर्ग भरणार का?

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, अर्बाना आणि शॅम्पेन या जोडशहरांच्या मधोमध, 40 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे एक विद्यापीठ आहे. भोवताली मका आणि सोयाबीनची सपाट शेते. हिवाळ्यात ती उघडी पडतात, आणि उत्तरेकडून सुटलेला वारा कुठेही न अडता थेट आवारात शिरतो. तापमापकात उणे 18 अंश सेल्सिअस असताना हा वारा ताशी 24 किलोमीटरने वाहू लागला, की अंगाला थंडी उणे 28 अंशांची लागते. अमेरिकी हवामान खात्याच्या तक्त्यानुसार अशा हवेत उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. पुण्याहून नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याचे ओले केस बसथांब्यावर पोचेपर्यंत काडीसारखे ताठ होतात. वर्गखोली उबदारच असते. धोका असतो तो तिथवरच्या वाटेवर.

रविवार, 26 जानेवारी 2014. चॅन्सेलर फिलिस वाइज, म्हणजे आपल्याकडील कुलगुरूंच्या जागी असलेल्या अधिकारी, यांनी ई-मेलने कळवले, की सोमवारी वर्ग नेहमीप्रमाणे भरतील. वर्ग रद्द करावेत या मागणीच्या ऑनलाइन अर्जावर हजारो सह्या झाल्या. पण ट्विटरवर थंडीचा विषय बाजूलाच राहिला, आणि चिनी वंशाच्या या शास्त्रज्ञ बाईंवर वंशद्वेषी, अश्लील शेरेबाजी सुरू झाली. त्या निर्णयावर टीका करायला जागा होती; मात्र त्या गदारोळात ती ऐकू येण्याची सोय उरली नाही.

मुंबईत अतिवृष्टीचा इशारा आला, की सुट्टी महापालिका जाहीर करते आणि प्राचार्य मोकळे होतात. इथे मात्र हा भार विद्यापीठालाच उचलावा लागतो, तोही आदल्या रात्री, केवळ अंदाजाच्या भरवशावर. शिवाय वर्ग रद्द झाले, तरी विद्यापीठाला कुलूप लावता येत नाही. वसतिगृहांतील मुलांना जेवण लागते, प्रयोगशाळेतील प्राण्यांना दाणापाणी लागते, आणि इमारतींना ऊब देणारी वाफ ज्या अ‍ॅबट वीजकेंद्रातून येते, तिथे पाळीला माणूस लागतोच. हे कर्मचारी त्याच वाऱ्यातून कामावर येतात. सुट्टीच्या वादात त्यांचे नाव क्वचितच निघते.

पाच वर्षांनी, 30 जानेवारी 2019 रोजी, ध्रुवीय थंडीची लाट खाली उतरली. शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पारा उणे 31 अंशांपर्यंत घसरला, टपाल खात्याने अनेक राज्यांतील वाटप थांबवले, आणि अर्बाना-शॅम्पेनमध्ये या वेळी वर्ग रद्द झाले. शेजारच्या आयोवा राज्याच्या विद्यापीठाने तर आदल्या संध्याकाळपासूनच वर्ग बंद ठेवले होते. त्याच पहाटे तीनच्या सुमारास, तिथल्या एका इमारतीबाहेर एक विद्यार्थी निपचित पडलेला आढळला. रुग्णालयात नेल्यावर तो दगावला.