सायकलच्या वेगाने सरकणारे ढग

हा तक्ता पाहा. आडवे रेखांश, उभ्या तारखा. वरून खाली दिवस पुढे सरकतात. निळा म्हणजे विषुववृत्ताजवळ नेहमीपेक्षा जास्त ढग, तपकिरी म्हणजे कमी. जरा टक लावून पाहिलं की निळे पट्टे तिरके उतरताना दिसतात, हिंदी महासागराकडून पॅसिफिककडे.

हा तिरकेपणा म्हणजेच वेग. सेकंदाला साधारण 5 मीटर. रमतगमत चालवलेली सायकलही एवढीच जाते! पट्टा मात्र हजारो किलोमीटर रुंद, आणि एक सरून दुसरा यायला 30 ते 60 दिवस.

ढगांच्या या ठरावीक येण्याजाण्याचं नाव मॅडन-ज्युलियन दोलन. 1971 मध्ये हवामानशास्त्रज्ञ रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन यांनी ते पकडलं, तेही उपग्रहांच्या मदतीशिवाय. पॅसिफिकमधल्या कँटन बेटावरून सोडलेल्या फुग्यांच्या जवळपास 10 वर्षांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. वारा आणि दाब, दोन्हींत 40-50 दिवसांचा एकच ठेका. पण बेटं मोजकी. मधल्या अफाट समुद्रावर काय चाललंय, ते उपग्रहांनी दाखवलं.

उपग्रह इथे खरं तर ढग मोजत नाही. पृथ्वीवरून अवकाशात निसटणारी उष्णता मोजतो. निरभ्र, उबदार समुद्रावरून चौरस मीटरला 280 वॉटच्या आसपास. गडगडाटी ढगाचा माथा गारठलेला, तिथून 200 पेक्षाही कमी. अशा नोंदी 1974 पासून आहेत. 1978 मध्ये काही महिन्यांचं भगदाड आहे, ते तेवढं सोसायचं.

कच्च्या आकड्यांत मात्र दोलन हाती लागत नाही. रोजची वादळं, ऋतुचक्र, एल निनो, सगळ्यांचा एकच कल्ला. मग चाळणी लावायची: 30 ते 90 दिवसांचे चढउतार ठेवायचे, बाकीचे गाळायचे. गोची अशी, की या चाळणीला आजच्या पुढचेही दिवस लागतात. 2004 मध्ये व्हीलर आणि हेंडन या संशोधकांनी त्यावर तोड काढली. ऋतुचक्र आणि मागच्या 120 दिवसांची सरासरी वजा करायची, उष्णतेच्या जोडीला खालचे आणि वरचे वारे घ्यायचे. रोज उरतात दोन आकडे, म्हणजे आलेखावर एक बिंदू. जोरात असलेलं दोलन त्याला घड्याळाच्या उलट दिशेने आठ टप्प्यांतून फिरवतं. बिंदू आलेखाच्या मधोमध काढलेल्या वर्तुळात शिरला, की जोर ओसरला.

इंडोनेशियाच्या बेटांपाशी अनेकदा तसंच होतं. डोंगर आडवे येतात, की जमिनीवर रोज दुपारी उसळणारा पाऊस, यावर अभ्यासकांचे वाद अजून रंगतात. तक्त्यावर पुन्हा बघा: 120 अंशांजवळ हा पट्टा तुटलाय. त्याच्या खालचा मात्र थेट वाररेषेपर्यंत गेलाय.