रिकाम्या कोपऱ्यात नदी सोडू नका
(धुळ्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मागं भिंतीला टेकून जी कॉलेजची पोरं उभी आहेत, त्यांनी पुढं यावं. खुर्च्या रिकाम्या आहेत आणि मी कुणाला उठवून प्रश्न विचारत नाही.

पत्रिकेत विषय छापलाय ‘काल्पनिक नकाशे आणि खानदेश’. घरी पत्रिका आली तेव्हा सौ. म्हणाली, “खानदेश काल्पनिक कधी झाला?” म्हटलं, रस्ते बघून कुणाला तसं वाटू शकतं. (हशा)

मी नोकरीभर आरेखक होतो. पाटबंधाऱ्याचे नकाशे काढायचे. ट्रेसिंग क्लॉथ, रोट्रिंगचं पेन, अमोनिया प्रिंटचा तो वास, तो अजून काही जुन्या शर्टांना येतो. सरकारी नकाशात एक रेघ मनाची ओढता येत नाही. निवृत्त झालो आणि पुतण्यानं इंटरनेटवर दाखवलं की जगात हजारो माणसं नसलेल्या देशांचे नकाशे काढत बसलेली असतात. कुणी वंडरड्राफ्ट, इन्कार्नेट असल्या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये, कुणी साध्या पेन्सिलीनं. अझगार नावाच्या एकाचा आपोआप नकाशे करणारा जनरेटर आहे, बटण दाबलं की किनारे, राज्यं, नद्या, धर्मसुद्धा तयार. मला तो आवडत नाही. एवढं फुकट मिळालं की माणूस नीट बघत नाही.

या मंडळींचं काम कसं चालतं सांगतो, फार मजेशीर आहे. दर महिन्याला एक विषय ठरतो, म्हणजे ‘बुडालेलं शहर’ किंवा ‘तस्करांची वाट’ असं काहीतरी. तुम्ही अर्धा काढलेला नकाशा सगळ्यांसमोर ठेवायचा, मग फिनलंडचा कुणीतरी सांगतो, डोंगरांची सावली एकाच बाजूला पाडा. ब्राझीलची एक बाई सांगते, गावांची नावं नदीच्या रेघेवर चढलीत, जरा सरकवा. पुढच्या आठवड्यात तुम्ही तोच नकाशा सुधारून पुन्हा ठेवायचा. आमच्या कचेरीत साहेब लाल पेन्सिलीनं गोल काढायचे आणि कारण सांगायचे नाहीत. इथं कारण सांगतात.

आणि यांच्यात असतात नदी-पोलीस. खरंच, त्यांना असंच म्हणतात! कुणी नवखा नकाशा टाकतो, त्यात एक नदी पुढं जाऊन दोन होते, दोन्ही दोन समुद्रांना मिळतात. झालं, धाड पडते. नद्या एकमेकींना मिळतात, फुटत नाहीत. तळ्यातून पाणी बाहेर पडायची वाट एकच. पाणी उतार बघतं, तुमची हौस बघत नाही. मग कुणीतरी हुशारी करतं, व्हेनेझुएलातली कासिकियारे काढतं. ओरिनोकोतून फुटते आणि रिओ नेग्रोमार्गे ॲमेझॉनला मिळते. खरी आहे ती. हम्बोल्ट हा जर्मन संशोधक १८०० साली तिच्यातून होडीनं गेला होता. पण अख्ख्या जगात अशा ठळक नद्या बोटावर मोजण्याइतक्या, आणि नवख्याच्या एका नकाशात चार!

आता माझी तक्रार. संयोजक घड्याळ बघतायत, बघू द्या.

मुलांच्या कादंबऱ्या काढणारे एक प्रकाशक. नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. त्यांना एका राज्याचा नकाशा हवा होता. मी मनापासून काढला. पश्चिमेला समुद्र, मधोमध उत्तर-दक्षिण डोंगररांग, पावसाचे ढग समुद्राकडून येणार म्हणून रांगेच्या अलीकडं दाट झाडी आणि पलीकडं माळरान. माळरानावर तुरळक ठिपके, म्हणजे गावं, प्रत्येक गाव कुठल्यातरी नाल्याला धरून. डोंगर एकेक करून हातानं काढले, उताराच्या बारीक रेघांसकट. पाठवला. फोन आला.

“काका, छान आहे. फक्त उजवीकडचा खालचा कोपरा रिकामा दिसतोय. तिथं एखादी नदी सोडा ना.”

मी म्हटलं, “नदी सोडायला ते काय कालव्याचं आवर्तन आहे?” (हशा) म्हटलं, तो कोपरा रिकामाच असतो हो, तिथं पाऊस पोचत नाही. कथेतला राजपुत्र तिथं तहानेनं कासावीस होतो, तुमच्याच लेखकानं लिहिलंय, सातव्या प्रकरणात.

“हो का? बरं बरं.”

पुस्तक आलं. त्यांच्या डिझायनरनं नदी सोडली होती! पश्चिमेच्या समुद्रातून निघून, डोंगररांग चढून, पलीकडं उतरून, बरोबर त्या कोपऱ्यात. जाड, निळी, शेवटपर्यंत एकाच रुंदीची. तिच्यावर पूलसुद्धा. आणि तिच्या काठावर राजपुत्र तहानेनं मरतोय. माझ्या चुलतभावाच्या शेतावर सालदार आहे, फार शिकलेला नाही. त्याला दाखवलं. त्यानं डोंगरावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “भाऊ, आठे पानी वर चढस का?” त्या प्रकाशनात एवढं विचारणारा एक माणूस नव्हता. नकाशाखाली माझं नाव मात्र ठळक छापलंय. बदला म्हणालो, तर म्हणाले, दुसऱ्या आवृत्तीत बघू. दुसरी आवृत्ती कुठली निघते!

मोठमोठ्यांनीही घातलेत हे घोळ, नाही असं नाही. जेम्स रेनेल, बंगालचे नकाशे करणारा, केवढा नावाजलेला माणूस. त्यानं १७९८ साली पश्चिम आफ्रिकेच्या नकाशात ‘काँग’ नावाची डोंगररांग घातली. नायजर नदी पूर्वेला वाहते, दक्षिणेच्या समुद्राकडं वळत नाही, तर तिला अडवायला डोंगर हवाच, हा त्याचा हिशेब. ती रांग नव्हतीच. पण १८८९ च्या सुमाराला बिंजे नावाचा फ्रेंच अधिकारी तिथं जाऊन सांगेपर्यंत बहुतेक नकाशांत ती सुखानं नांदली. तरी मी रेनेलला माफ करतो. त्यानं नदीसाठी डोंगर उभा केला, कारण देऊन केला. आमच्या डिझायनरनं डोंगरावर नदी चढवली.

आणि स्टीव्हन्सन! ‘ट्रेझर आयलंड’चा. १८८१ च्या उन्हाळ्यात त्यानं आधी बेटाचा नकाशा रंगवला, गोष्ट मागून आली. छपाईला पाठवलेला तो मूळ नकाशा हरवला. मग पुस्तकातला एकेक उल्लेख तपासून त्याला दुसरा करावा लागला, वडिलांच्या कचेरीत बसून. वडील दीपगृहांचे इंजिनियर. म्हणजे प्रकाशकांचा जाच जुना आहे, आणि अडल्या वेळी ड्रॉइंग ऑफिसच कामाला येतं...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अध्यक्षांचं भाषण व्हायचंय. बरं, मूळ मुद्दा राहिलाच, पळत पळत सांगतो.

आपली पोरं हे नकाशे काढतात. शिरपूरची, भुसावळची, चोपड्याची पोरं आहेत, हात सुरेख आहे. पण काय काढतात? बर्फाचे सुळके, पाइनची जंगलं, दगडी कॅसल. अरे, कुणी पाहिलंय? पाहिलेलं नसलं की पाणी कुठून येतं तेही माहीत नसतं, आणि मग नदी-पोलीस येतात. तुमच्या दाराशी असा मुलूख पडलाय की त्यात पाण्यानं सगळं ठरवलेलं उघड्या डोळ्यांनी दिसतं. मुलताईच्या परिसरात बघा, तापी निघते आणि वर्धाही. एक सुरतेकडून अरबी समुद्राला, दुसरी गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला. कुठल्याही काल्पनिक नकाशात हे काढलंत तर लोक म्हणतील, जमवून आणलंय! गिरणा घ्या. कळवणकडं सह्याद्रीत उगम, निघते पूर्वेला, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग वाट देत नाही, शेवटी उत्तरेला वळून तापीत. उत्तरेला सातपुड्याची भिंत, तिला बऱ्हाणपूरपाशी एक खिंड, खिंडीच्या तोंडावर असीरगड. किल्ला तिथंच का, हे वेगळं सांगावं लागत नाही. अकबरानं १६०१ मध्ये तो घेतला तेव्हा फारुकी सुलतानांचा खानदेश संपला.

पाऊस. नवापूरकडं ओलं, इकडं येता येता कोरडं. दोन तासांच्या एसटीत रंग बदलतो, तो नकाशात आणा.

फड, म्हणजे पाटाचं पाणी वाटून घ्यायची आपली पद्धत. हे मला नीट सांगायचं होतं. पांझरेवरचे बंधारे, त्यांच्या पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पुढच्या वर्षी पीक दुसऱ्या फडात. दारं पाटकरी उघडणार, शेतमालक नाही. आता असा एक राज्यकारभार कल्पना करा, राजा कुणीही असो, दाराची चावी पाटकऱ्याकडं. यातून किती गोष्टी निघतील! ड्रॅगन हवा असेल तर तोही बसवा, पण तो पाणी कुठं पितो ते दाखवा.

आठवडी बाजार. कुठल्या गावाचा बाजार कुठल्या वारी, हे नकाशावर लिहा. मग बैलगाडीची वाट आपोआप ठरते, गावांची अंतरं ठरतात, एका दिवसात जाऊन येण्याइतकी. कुणाही परदेशी नकाशात मी हे पाहिलेलं नाही.

दुसरी चिठ्ठी. संपवतो. बाहेर टेबलावर ट्रेसिंग पेपर ठेवलेत, प्रत्येकानं एक न्यावा, दोन नेऊ नका. विषय ‘संगम’. चांगदेवला तापी-पूर्णा बघून या, मुडावदला तापी-पांझरा, जमलं तर प्रकाशा गावाला तापी-गोमाई. खरं गाव काढायचं नाही, तिथलं पाणी मात्र खरं हवं. डोंगर आधी, मग नद्या, गावं सगळ्यात शेवटी, याच क्रमानं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी इथंच आणा, भिंतीवर लावू. लाल पेन्सिल माझ्याकडं असेल, पण कारण सांगेन. आणि एखादा कोपरा रिकामा राहिला तर राहू द्या, मी विचारणार नाही.