आधी उघडून बघा, मग पाठवा

(मंडळाच्या बडोद्यातील मेळाव्यात झालेले भाषण, संकेतस्थळासाठी थोडे आवरून.)

नमस्कार मंडळी.

मला दिलेला विषय आहे ‘इंटरनेटवर सापडलेल्या गमतीजमती’. वेळ जेवणाआधीची आहे आणि मागून मसालेभाताचा वास येतोय, त्यामुळे वेबसाइटांची यादी वाचून दाखवत नाही. तशी यादी घरी गेल्यावर कुणी उघडतही नाही. आपल्या ग्रुपवर दरवर्षी येणाऱ्या एका फोटोपासून सुरुवात करतो.

दिवाळी आली की तो येतोच. अंधारातला भारत, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके, आणि खाली ओळ: ‘दिवाळीच्या रात्रीचा भारत, नासाने टिपलेला’. यातलं चित्र खरं आहे, दिवाळी खोटी आहे. अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान आणि समुद्र पाहणाऱ्या संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकावर एक ठेवून ते बनवलं. १९९२ च्या आधीपासून जिथे दिवे होते तो भाग पांढरा. १९९२ मध्ये नव्याने दिसले ते निळे, १९९८ मध्ये दिसले ते हिरवे आणि २००३ मध्ये दिसले ते लाल. पुढे २०१२ साली नासाने दिवाळीच्या रात्रीचं खरंखुरं चित्र प्रसिद्ध केलं आणि सांगून टाकलं, की पणत्यांचा आणि रोषणाईचा जादा उजेड वरून जवळजवळ कळतही नाही.

आता खरी गोष्ट जास्त मजेची की खोटी, तुम्हीच सांगा. लाल ठिपका म्हणजे कालपर्यंत जिथे अंधार होता, तिथे आता वस्ती झाली. गोत्री आणि वासणा बाजूला शेतं होती हे आठवणारे कितीतरी जण इथे बसलेत. त्यांना दिवाळीच्या शुभेच्छांपेक्षा हे चित्र नीट समजावून पाठवलं असतं, तर तासभर गप्पा झाल्या असत्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. पाठवायला माझी ना नाही. पाठवा, रोज पाठवा. नवल वाटणं आणि ते दुसऱ्याला दाखवावंसं वाटणं हा चांगला गुण आहे. गुलाबाच्या फुलावरचं ‘शुभ सकाळ’ त्यात मी धरत नाही, त्याबद्दल वहिनींनी क्षमा करावी. पण जे पाठवतो ते आधी आपण उघडलेलं असावं. चित्र असेल तर गूगलवर त्या चित्राचाच शोध घेता येतो. ते पूर्वी कुठे आणि कोणत्या साली आलं होतं, हे बहुतेक वेळा लगेच कळतं. मजकूर असेल तर मराठी विश्वकोश आता फुकट वाचता येतो, विकिपीडियाच्या पानाखाली आधार दिलेले असतात. ही मेहनत नव्हे. भाजी घेताना आपण याहून जास्त उलटसुलट करून बघतो.

आणि उघडून बघायला लागलं, की पाय आपोआप आपल्याच गावाकडे वळतात.

कमाटीबागेतल्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा आपण सगळ्यांनी पाहिलाय. लहानपणी तिथली इजिप्तची ममी बघून घाबरायचं आणि देवमाशाखाली उभं राहून फोटो काढायचा, असा बडोद्यात वाढलेल्या प्रत्येकाचा क्रम. हा निळा देवमासा १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता. त्याची माहिती इंटरनेटवर शोधलीत, तर बऱ्याच ठिकाणी ‘देवमाशाचं पिल्लू’ असं दिसेल, आणि त्याच ओळीत लांबी दिलेली असेल बहात्तर फूट. इथे मी अडलो. निळ्या देवमाशाचं नुकतं जन्मलेलं पिल्लू साधारण तेवीस फुटांचं असतं. दूध सुटतं तेव्हा ते पन्नासेक फुटांवर गेलेलं असतं. मग बहात्तर फुटांचं पिल्लू कसलं? त्यात आणखी एक गोष्ट वाचायला मिळाली. आपल्याकडच्या, म्हणजे हिंदी महासागराच्या उत्तरेकडच्या भागातले निळे देवमासे अंटार्क्टिककडच्या भाऊबंदांपेक्षा लहानखुरे असतात. म्हणजे अंटार्क्टिककडच्या शंभर फुटांच्या मापाने हा छोटा वाटला, तरी त्याच्या घरच्या मापाने तो चांगला वयात आलेला असावा, असा माझा अंदाज. मी प्राणिशास्त्राचा माणूस नव्हे. इथे कुणी असेल तर जेवताना माझा कान धरा. पण एका शब्दावर अडल्यामुळे मला देवमाशांबद्दल जे कळलं, ते लहानपणी इतके फोटो काढून कधी कळलं नव्हतं.

अशी आणखी बरीच नवलं आहेत. डभोई ते मियागाम ही देशातली पहिली नॅरोगेज लाईन, १८६२ ची, बडोद्याच्या खंडेराव गायकवाड महाराजांच्या काळातली. अडीच फुटांचे रूळ, आणि त्यावरचे डबे सुरुवातीला ओढायचे ते बैल! इंजिनं आली तेव्हा त्यांचं वजन रुळांना पेलेना. त्याच डभोईवरून आज एकतानगरला, म्हणजे पूर्वीच्या केवडियाला, ब्रॉडगेजची मोठी गाडी जाते. खंडेरावांचाच मोत्यांचा गालिचा २००९ साली कतारमधल्या दोह्यात लिलावात निघाला, त्याचे फोटो घरबसल्या बघता येतात. बडोद्याचं गॅझेटियर, म्हणजे इंग्रजांच्या काळातला सरकारी माहितीग्रंथ, १८८३ चा, इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर पडलेला आहे. इंग्रजी जुनाट आहे आणि सूर साहेबी, पण कुठलंही पान उघडा, काहीतरी हाती लागतं.

मला मात्र सगळ्यात जास्त रमवलं ते बॉर्डन साहेबांनी. सयाजीराव महाराज १९०६ मध्ये अमेरिकेत गेले, तिथली सार्वजनिक वाचनालयं त्यांनी पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपालच इकडे आणला. तो जेमतेम तीन वर्षं राहिला. तेवढ्यात त्याने संस्थानभर वाचनालयांची घडी बसवली आणि माणसं शिकवून तयार केली. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांमधून चालताना पायाखाली काच लागते ना, ती खालच्या मजल्यापर्यंत उजेड पोचावा म्हणून. हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यापुढचं कमी जणांना ठाऊक असतं. जिथे वाचनालय नव्हतं त्या गावांना लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून पाठवली जात. वाचून झाली की पेटी परत, मग दुसरी. चित्रांतून शिकवण्याचा वेगळा विभागही होता. पडद्यावर चित्र पाडणाऱ्या मॅजिक लँटर्नच्या काचा, दोन डोळ्यांनी बघायची स्टिरिओस्कोपची चित्रं आणि पुढे सिनेमा, असं सगळं तो लोकांना दाखवायचा. शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसाने त्या भिंगांतून परदेशातला एखादा डोंगर पहिल्यांदा पाहिला असेल, तेव्हा तो घरी जाऊन काय बोलला असेल?

१९१२ मध्ये इथून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं नियतकालिकही निघालं. इंग्रजी, गुजराती, मराठी, तिन्ही भाषांत. काय पाठवायचं हे कुणीतरी जाणतं माणूस निवडायचं, हा त्या पेट्यांमधला आणि आपल्या फोनमधला फरक.

तो फरक किती महाग पडतो हे २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात दिसलं. विश्वामित्रीला पूर आला की मगरी वस्तीत येतात, हे बाहेरच्यांना थाप वाटतं, आपल्याला नाही. त्या वेळी खऱ्या मगरी होत्याच. पण जिथे खरोखर धोका आहे तिथली बातमी लोकांना हवी असताना कुठले कुठले जुने व्हिडिओ फिरत राहिले, आणि कोणता रस्ता टाळायचा तेच कळेना. अशा वेळी जागा आणि वेळ लिहिल्याशिवाय काहीही पुढे ढकलू नका. कितीही थरारक असलं तरी.

शेवटचा मुद्दा, तो कामाचा आहे. आपल्याला इंटरनेटवर जे सापडतं ते कुणीतरी बसून चढवलेलं असतं. गॅझेटियर कुणीतरी पानपान करून स्कॅन केलं. बडोद्याच्या मराठी घरांचं मात्र तिथे फार थोडं आहे. वाड्यांतल्या पंगतींचे फोटो, गणेशोत्सवाच्या छापील पत्रिका, हौशी नाटकांच्या जाहिराती, दांडिया बाजारातल्या दुकानांची बिलं, आजीने मोडीत लिहिलेला हिशेब. हे सगळं आपल्या माळ्यावर आहे आणि घरं विकली जाताहेत. वाडा पाडायला माणूस आला की ट्रंक आधी रद्दीत जाते.

तेव्हा घरी गेल्यावर एक तरी कागद काढा. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, सपाट ठेवून फोटो घ्या. मागची बाजूही घ्या, तिथेच बहुधा साल असतं. गाव, साल, कोण कोण आहे हे त्याच दिवशी लिहून टाका. फोटोत हयात माणसं असतील तर त्यांना विचारून मगच द्या. मोडी वाचणारे दोघे-तिघे आपल्यात आहेत, त्यांनी आज जेवताना चिटणीसांना नाव द्यावं. परदेशातून सुट्टीला आलेल्या मुलांनी परत जायच्या आधी आजी-आजोबांना त्या फोटोंसमोर बसवावं आणि फोनवर बोलणं रेकॉर्ड करावं. कागद आणायचे असतील तर कार्यालयातला स्कॅनर चालू आहे, फक्त पिना काढून आणा.