घड्याळ धुतलं, पण खड्याचं भोक साफ झालं का?

नमस्कार मंडळी. आधी या काडीचं टोक बघा.

[जवळून: काडीचं टोक]

चहात बुडवून काढल्यासारखं तपकिरी झालंय ना? हा ब्रिज, म्हणजे चाकं वरून धरून ठेवणारी घड्याळातली पट्टी, मी आत्ताच अल्ट्रासॉनिक मशिनमधून बाहेर काढलाय. वरून कसा लखलखतोय बघा. तपकिरी रंग आला तो खड्याच्या, म्हणजे चाकाचा आस ज्यात फिरतो त्या बारक्या माणकाच्या, भोकातून. भोकाच्या भिंतीला चिकटलेलं जुनं तेल कितीदा तरी मशिनला दाद देत नाही.

घड्याळ आहे एचएमटी जनता. एका काकूंनी आणून दिलंय, त्यांच्या वडिलांचं. 17 खड्यांच्या घड्याळाचा साधारण हिशेब असा: चाकांना आठ, पॅलेटला (चाकांना टिकटिक अडवून सोडणारा काटा) चार, बॅलन्सला (मागं-पुढं झोके घेणारं चाक) पाच. खडे म्हणजे कृत्रिम माणिक. घड्याळात भोक पाडलेले खडे बसवायचं पेटंट लंडनमध्ये 1704 साली निघालं, पण ते सगळ्यांच्या मनगटावर यायला दोनशे वर्षं जावी लागली. 1902 मध्ये व्हर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ज्योतीत माणिक तयार करायची रीत जाहीर केली आणि खडे स्वस्त झाले.

माणिक सहसा झिजत नाही. झिजतो तो त्यात फिरणारा पोलादी पिव्हट, म्हणजे आसाचं टोक. तेल वाळून डिंकासारखं होतं, त्यात धातूची पूड मिसळते आणि ते मिश्रण पिव्हटला पॉलिश पेपरसारखं घासत राहतं. अशा भोकात नवं तेल सोडलं की जुनी घाण पुन्हा ओली होते, बस. म्हणून तेलाच्या आधी काडी.

ही पेगवुडची काडी, नारिंगीच्या लाकडाची. टूथपिक वापरू नका, तिचे तंतू सुटतात आणि भोकातच अडकतात. धारदार ब्लेडनं लांब, निमुळतं टोक काढायचं. घाई करू नका, सगळं काम या टोकावर आहे. एस्केप व्हीलच्या, म्हणजे पॅलेट ज्याला अडवतो त्या शेवटच्या चाकाच्या, खड्याचं भोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतं. टोक जाड राहिलं तर ते नुसतं तोंडाशी फिरतं आणि आपल्याला वाटतं, झालं साफ.

आता टोक अगदी थोडं लायटर फ्लुइडमध्ये बुडवायचं, भोकात उभं धरायचं आणि वात वळतो तशी काडी दोन बोटांत फिरवायची. दाब नको. बाहेर काढा, आय-ग्लास, म्हणजे डोळ्याचं भिंग, लावून टोक बघा. तपकिरी दिसलं तर छाटून टाका, नवं टोक काढा, पुन्हा फिरवा. मग ब्रिज उलटा करून दुसऱ्या बाजूनं तेच. खड्याची वाटी, म्हणजे तेल जिथं थांबतं तो खळगा, तोही पुसायचा. टोक मोडून आत राहिलं तर सुई घालू नका, खड्याचा टवका उडतो. दुसऱ्या काडीनं उलट बाजूनं हळूच ढकला.

हे मी स्वतः चूक करून शिकलोय. काही वर्षांपूर्वी एक घड्याळ सर्व्हिस करून दिलं. टेबलावर आडवं ठेवलं की अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सचा झोका, 270 अंश, उभं धरलं की 190. गिऱ्हाईक म्हणालं, "हातात घातलं की मागं पडतंय." त्याचं बरोबर होतं. आडव्या घड्याळात बॅलन्सचा पिव्हट फक्त टोकावर, खालच्या सपाट खड्याला टेकून फिरतो. उभं केलं की त्याची बाजू भोकाच्या भिंतीवर येते. बॅलन्सच्या भोकात तपकिरी कडं तसंच राहिलं होतं. मशिनवर विश्वास ठेवून मी तिथं काडी घातलीच नव्हती. त्या माणसाला दोनदा हेलपाटा पडला, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणखी एक. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरत असाल तर पॅलेट आणि बॅलन्स त्यात बुडवून ठेवू नका. त्यांचे खडे लाखेनं चिकटवलेले असतात, ती विरघळते.

आता चाकं बसवतो. पॅलेट अजून बसवलेला नाही. चावी जेमतेम एक दात देतो. बघा, सगळी चाकं भरकन फिरली, आणि थांबताना एस्केप व्हील किंचित उलटं गेलं. दिसलं? ते उलटं जाणंच मला हवं होतं. कुठंही अडत असतं तर ते जागच्या जागी मेल्यासारखं थांबलं असतं.

तरी वरच्या बाजूनं शेवटची एक काडी फिरवतो. हे सहावं टोक.

[जवळून: काडीचं टोक]

पांढरं. द्या ती तेलाची बाटली.