बोंडातली अळी आणि मनातला 'च'

(दृश्य: संध्याकाळ. गावातलं सार्वजनिक वाचनालय. लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज. टेबलावर जाड रजिस्टर.)

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाचं हे वाचनालय. शासनदरबारी 'ड' वर्ग. एक खोली, तीन कपाटं, दोन लांब बाकं. दुपारी शेतावर असलेले ग्रंथपाल काका संध्याकाळी हातपाय धुऊन येतात आणि कुलूप काढतात. १९६७ साली राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. अशा लहान वाचनालयांना त्यातूनच मान्यता आणि थोडंफार अनुदान मिळत आलं.

देवघेवीचं रजिस्टर आम्ही दोन संध्याकाळी बसून चाळलं. सगळ्यात जास्त नेली जातात ती पोलीस भरतीची पुस्तकं. यात नवल नाही. पण त्याच्या पाठोपाठ कोणतं कपाट रिकामं होतं, तर ज्यावर खडूनं 'व्यक्तिमत्त्व विकास' लिहिलंय ते. यश कसं मिळवावं, चिंता कशी सोडावी, सवयी कशा लावाव्यात, श्रीमंत कसं व्हावं. तालुक्याच्या एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरही हीच पुस्तकं दर्शनी भागात असतात. नेणारे कोण? भरतीची तयारी करणारी पोरं, अंगणवाडी सेविका, दोन शिक्षक, आणि काही शेतकरी. शेतकऱ्यांची नावं जास्त दिसतात ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सोयाबीन निघून गेल्यावर.

(दृश्य: एका पुस्तकाचं उघडलेलं पान. कॅमेरा जवळ जातो.)

हे पुस्तक बघा. मूळ कव्हर गेलंय, बियाण्याच्या पिशवीचा तुकडा कापून कुणीतरी नवं कव्हर शिवलंय. मधल्या एका पानावर निळ्या पेननं एक वाक्य अधोरेखित केलंय. त्याचा आशय असा, की तुमच्या आजच्या परिस्थितीला तुम्ही स्वतःच जबाबदार आहात. आणि समासात, वेगळ्या अक्षरात, शिसपेन्सिलनं दोनच शब्द.

'आणि पाऊस?'

पुस्तकाचं नाव मी सांगत नाही, कारण हा विचार त्या एकाच पुस्तकात आहे असं नाही. हे दोन शब्द कुणी लिहिले, तेही काकांना ठाऊक नाही. पण मी हा माहितीपट करायला घेतला तो या दोन शब्दांमुळे. कारण हाच प्रश्न मला माझ्या घरात, माझ्या वडिलांनी विचारला होता, आणि तेव्हा मला तो कळला नव्हता.

२०१७ साल. गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस पोखरला, ते वर्ष. बाहेरून बोंड धडधाकट, फोडलं की आत किडलेली सरकी. बाबा दिवस दिवस बोलत नव्हते. जेवण अर्धं राहायचं. पहाटे तीनला उठून ओट्यावर बसायचे. मी तेव्हा अमरावतीला शिकत होतो, आणि अशा पुस्तकांनी माझं डोकं भरलेलं होतं. दिवाळीला घरी आलो आणि बाबांना समजावू लागलो. बाबा, नेहमी सकारात्मक विचार करायचा. आपण जसा विचार करतो तसंच आपल्या बाबतीत घडतं.

बाबांनी मान वर केली. म्हणाले, "पोरा, अळी बोंडात हाय. माह्या मनात नाई."

आणि उठून आत गेले. त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांच्या दुखण्यावर औषध म्हणून त्यांनाच दोष देऊन बसलो होतो.

(दृश्य: कापसाचं शेत. वेचणी करणाऱ्या बायका. मग पुन्हा पुस्तकांचं कपाट.)

या पुस्तकांचं घराणं जुनं आहे. १८५९ साली सॅम्युअल स्माइल्स या स्कॉटिश लेखकानं 'सेल्फ-हेल्प' नावाचं पुस्तक लिहिलं, आणि या सगळ्या प्रकाराला तेच नाव चिकटलं. १९३६ साली अमेरिकेत डेल कार्नेगीचं मित्र जोडण्याबद्दलचं पुस्तक आलं. १९५२ साली नॉर्मन व्हिन्सेंट पील या धर्मोपदेशकानं सकारात्मक विचारांची शक्ती सांगितली. आपल्या स्टॉलवरच्या निम्म्या पुस्तकांत यांचंच कुळ सापडेल. त्यात चांगलं काही नाही असं मी म्हणणार नाही. समोरच्याचं ऐकून घ्या, त्याला नावानं हाक मारा, हे कार्नेगीनं सांगितलेलं कुणाच्याही उपयोगाचं आहे. मला घोर लागतो तो स्वतःला रोज आरशात 'मी उत्तम आहे' असं सांगायला लावणाऱ्या पुस्तकांचा.

२००९ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासून पाहिलं. लोकांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं वाक्य मनाशी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांच्या मनात स्वतःबद्दल आधीच बरं मत होतं, त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांना स्वतःबद्दल कमीपणा वाटत होता, त्यांना मात्र ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. म्हणजे ज्याला गरज जास्त, त्यालाच हे औषध बाधलं. खचलेला माणूस 'मी उत्तम आहे' म्हणतो, तेव्हा आतून लगेच उत्तर येतं, कशाचा उत्तम? कर्ज बघ. पोरीचं वय बघ.

(दृश्य: ग्रंथपाल काका खालच्या खणातून एक पुस्तक काढतात.)

याच कपाटात, खालच्या खणात, वेगळ्या वळणाची काही पुस्तकं आहेत. त्यांच्यामागे एक माणूस आहे, अल्बर्ट एलिस. न्यूयॉर्कचा मानसशास्त्रज्ञ. तरुणपणी इतका लाजाळू, की मुलींशी बोलायची भीती घालवण्यासाठी त्यानं एकोणिसाव्या वर्षी स्वतःवरच प्रयोग केला. ब्रॉन्क्सच्या बागेत जाऊन महिनाभरात शंभरेक मुलींशी बोलायचंच असं ठरवलं, आणि बोलला. लग्न त्यातून काही जमलं नाही, पण भीती गेली. पुढे १९५५ च्या सुमारास त्यानं स्वतःची उपचारपद्धती मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती म्हणतात. कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून, पुस्तकं लिहून, ती मराठी माणसापर्यंत आणली. ठाण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 'स्वभाव-विभाव' हे पुस्तक याच विचारावर लिहिलं.

एलिस काय म्हणतो? घटना घडते. तिच्याबद्दल आपण मनाशी काहीतरी बोलतो. आणि त्या बोलण्यातून भावना तयार होते. घटना आणि भावना यांच्या मधली ही जी जागा आहे, तिथं आपल्याला हात घालता येतो.

आता हे सोयाबीनच्या पोत्यावर बसून बघू. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता. बाजार समितीत प्रत्यक्षात चार-सव्वाचार हजारांच्या आसपास बोली लागत होती. ही झाली घटना. ती खरी आहे. तिच्यावर नुसता विचार करून एक रुपया वाढत नाही, आणि एलिस तसं म्हणतही नाही. भाव पडल्यावर दुःख होणं, राग येणं त्याला रास्तच वाटतं. त्या रागातून माणसं मोर्चा काढतात, हमीभावानं खरेदी करा म्हणून तहसीलवर जातात. ते व्हायलाच हवं.

पण त्याच रात्री माणूस मनाशी आणखी काहीतरी बोलतो. 'यंदा पोरीचं लग्न थाटातच झालं पाहिजे होतं. नाही झालं. मी बाप म्हणून नालायक.' इथं घटना संपली आणि दुसरंच काहीतरी सुरू झालं. इंग्रजीत एलिस 'मस्ट' या शब्दामागे लागला होता. मराठीत तो अख्खा शब्द एका अक्षरात मावतो. च. झालंच पाहिजे. मिळालंच पाहिजे. लोकांनी मला मानलंच पाहिजे. इच्छा असते तोवर ती माणसाला चालवते. तिला 'च' लागला की ती मानेवर बसते.

हे मला पुस्तक वाचून कळलं, पण पटलं ते इथं, या गावात.

(दृश्य: दुपार. एका घराची पडवी. बचत गटाच्या बारा-तेरा बायका. एक तरुणी पुस्तक वाचते आहे.)

महिला बचत गटाची हप्त्याची बैठक. पैसे मोजून झाले, वहीवर सह्या, अंगठे झाले, की गावातली आशाताई, म्हणजे आरोग्याचं काम बघणारी आशा कार्यकर्ती, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकातलं एक प्रकरण मोठ्यानं वाचते. निम्म्या बायकांना वाचता येत नाही, पण ऐकायची सवय या गावाला पिढ्यान्‌पिढ्याची. घरोघरी 'गजानन विजय' ग्रंथाचे एकवीस अध्याय ऐकलेले कान आहेत हे. तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' १९५५ साली आली, तीही इथं एकट्यानं बसून कमी आणि भजनी मंडळात बसून जास्त वाचली गेली. एकानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं, मधेच कुणीतरी "असंच त आमच्या घरी झालं" म्हणावं. ही पद्धत पुस्तकांनी शिकवलेली नाही, ती आधीपासून होती.

त्या दुपारी एक बाई सांगत होत्या. सुनेनं त्यांना विचारल्याशिवाय माहेरी फोन केला म्हणून तीन दिवस घरात धुसफूस. "तिनं मले इचारलंच पायजे," त्या म्हणाल्या.

कोपऱ्यातून एक म्हातारी बोलली, "च काढ वो बाई त्यातला. इचारलं तं बरं वाटते, एवढंच म्हन."

सगळ्या हसल्या. त्या बाईही हसल्या, आणि मग पदर डोळ्याला लावून बराच वेळ गप्प बसल्या. आम्ही कॅमेरा बंद केला.

(दृश्य: रस्ता. आशाताई सायकलवरून जाताना.)

आशाताईला एकदा विचारलं, पुस्तक वाचून माणूस बरा होतो का? ती म्हणाली, "दादा, पुस्तकानं तोंड उघडते. पुढचं मंग आपल्याले पाहा लागते."

ती जे म्हणाली ते विदर्भानं मोजून पाहिलेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून तयार केलं, लहान लहान बैठका घेतल्या, समुपदेशक नेमले, आणि ज्यांना गरज होती त्यांच्यासाठी मनोविकारतज्ज्ञ गावाजवळ आणले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर लोकांपैकी जेमतेम चार जण कुणाकडे तरी मदत मागत होते. दीड वर्षानंतर तो आकडा सत्तावीसवर गेला. 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली हे छापून आलं. सत्तावीस म्हणजे अजून त्र्याहत्तर बाकी आहेत, हेही विसरता येत नाही. पण जीव घाबरते, झोप लागत नाही, काही गोड लागत नाही, याला आजार म्हणतात आणि त्यावर उपचार आहे, एवढं कुणीतरी ओळखीच्या माणसानं ओट्यावर बसून सांगितलं तरी दार किती उघडतं ते यातून दिसतं.

ब्रिटनमध्ये याला पुस्तकाची जोड देऊन पाहिलेली आहे. वेल्समधल्या कार्डिफच्या नील फ्रूड या मानसशास्त्रज्ञानं अशी सोय केली, की डॉक्टरनं चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून द्यायचं आणि रुग्णानं ते सार्वजनिक वाचनालयातून घरी न्यायचं. कुठली पुस्तकं, ते तज्ज्ञांनी निवडायचं. २०१३ पासून इंग्लंडभर अशी यादी वाचनालयांत आहे. हे ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हीच खोली आली. आरोग्य उपकेंद्र इथून दोनशे पावलांवर आहे. आशाताई आहे, काका आहेत, कपाट आहे. फक्त कपाटात काय ठेवायचं हे ठरवताना कुणीतरी जाणत्यानं सोबत बसायला हवं. आज पुस्तकांचा गठ्ठा येतो, काका ते शिक्के मारून लावतात. यशाचे सात मंत्र आणि खरा उपचार सांगणारं पुस्तक एकाच कपाटात.

(दृश्य: बाबा शेताच्या धुऱ्यावर.)

हे माझे बाबा. त्या वर्षी त्यांना बरं केलं ते पुस्तकानं नाही. आशाताई घरी आली, तिनं प्रश्न विचारले, उत्तरं लिहून घेतली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. सहा महिने गोळ्या चालल्या. झोप परत आली, मग भूक आली, मग बोलणं. पुस्तक त्यानंतर आलं. मीच नेऊन दिलं, व्हिक्टर फ्रँकलचं. व्हिएन्नाचा हा मनोविकारतज्ज्ञ नाझी छळछावण्यांतून वाचला आणि १९४६ साली त्यानं ते अनुभव लिहिले. छावणीतल्या माणसाला तो कुठंही म्हणत नाही, की तुझ्या परिस्थितीला तू जबाबदार आहेस. सगळं हिरावून घेतल्यावरही माणसापाशी काय उरतं, तेवढंच तो शोधतो. बाबांनी ते महिनाभर पुरवून पुरवून वाचलं. परत देताना म्हणाले, "या मानसाले सारं ठाऊक हाय. तरी तो बोट नाई दाखवत."

(पडद्यावर अक्षरं: टेली-मानस, मानसिक आरोग्यासाठी सरकारी हेल्पलाइन, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही.)

मन फार जड झालं असेल, जगणं नको वाटत असेल, तर पुस्तक उघडण्याआधी हा नंबर लावा. किंवा गावातल्या आशाताईला गाठा. घरातल्या माणसाला सांगा. तुमच्या ओळखीचं कुणी असं गप्प झालं असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. उपदेश करू नका. काय होतंय, एवढं विचारा आणि ऐका.

(दृश्य: पुन्हा वाचनालय. रात्रीचे आठ. काका टेबलावर वाकलेले.)

बचत गटानं वाचलेलं पुस्तक आज परत आलं. उद्या ते बाजूच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, जाणार आहे, तिथल्या बायकांनी मागितलंय. शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी शिक्क्यांनी भरून गेली आहे. काकांनी डिंकाची बाटली उघडली, नवी चिठ्ठी जुनीवर चिकटवली, हातानं दाबून धरली, आणि वाळेपर्यंत दिवा चालू ठेवला.